ट्रॅक्टरचा जुना, गळका हायड्रॉलिक कपलर घरीच खोलून दुरुस्त करताना

पलटी नांगर जोडून दिवसभर काम केलं आणि रात्री ट्रॅक्टर अंगणात उभा केला, की सकाळी मागच्या बाजूला जमिनीवर ताटाएवढा तेलाचा डाग. जुना ट्रॅक्टर असलेल्या घरात हे दृश्य नवं नाही. सुरुवातीला आपण फडक्याने पुसतो, मग कपलरखाली, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तेलाच्या जोडाखाली, डबा टांगतो, आणि शेवटी दुकानात जातो. दुकानदार म्हणतो, "कपलरच बदलून टाका." पुष्कळदा त्याची गरज नसते. जुन्या कपलरची बॉडी जाड, कडक पोलादाची असते आणि ती सहसा संपत नाही. संपते आतली रबराची रिंग, थकते स्प्रिंग, झिजतात छर्रे. हे सगळं बदलता येतं.

पण एक गोष्ट आधीच सांगतो, कारण याच ठिकाणी मी स्वतः एक अख्खा उन्हाळा घालवला. कपलर म्हणजे जोडी आहे. ट्रॅक्टरच्या मागे बसवलेली मादी आणि ट्रॉलीच्या किंवा नांगराच्या होजला, म्हणजे तेलाच्या लवचीक नळीला, असलेला नर. तेल गळताना दिसतं मादीच्या तोंडातून, म्हणून आपण मादी खोलतो. मीही तेच केलं. तीन वेळा ओरिंग, म्हणजे तीच आतली रबराची रिंग, बदलली, आणि तिन्ही वेळा आठ-दहा दिवसांत पुन्हा गळती. चौथ्या वेळी ट्रॉलीचा नर हातात घेऊन टोकावरून नख फिरवलं, तर नख अडकलं. कधीतरी कपलर बसत नाही म्हणून कुणीतरी त्यावर हातोडी घातली होती, आणि नाकाच्या कडेला केसाएवढी धार उठली होती. प्रत्येक वेळी जोडताना ती धार नव्या रिंगला कापत होती. तेव्हापासून माझा नियम ठरला आहे, आधी नर तपासायचा आणि मगच मादीला पाना लावायचा.

आत काय असतं

आपल्याकडे जुन्या ट्रॅक्टरवर सर्वांत जास्त दिसतो तो अर्ध्या इंचाचा पुश-पुल कपलर, म्हणजे ज्यात नर नुसता ढकलून बसतो आणि ओढून निघतो. बहुतेक आयएसओ ७२४१ या मानकाच्या ए मालिकेत बसतात. ट्रॅक्टरच्या कपलरसाठी आयएसओ ५६७५ हे वेगळं मानकही आहे, आणि त्याचं माप याच मालिकेशी जुळतं. अर्ध्या इंचाच्या नराचं नाक साधारण २०.५ मिमी व्यासाचं भरतं. तुमचं माप याच्याशी अजिबात जुळत नसेल, तर ट्रॅक्टर त्या मानकाच्या आधीच्या घडणीचा असू शकतो किंवा मध्ये कुणी दुसऱ्याच मालिकेचा कपलर बसवलेला असतो. बी मालिकेचा नर ए मालिकेच्या मादीत बसत नाही. जोर लावून बसवायला जाऊ नका.

मादीच्या तोंडाशी आतल्या खाचेत एक ओरिंग असते. तिच्या शेजारी पांढरी किंवा तपकिरी पातळ कडी असते, ती टेफ्लॉनची बॅकअप रिंग. फार जुन्या कपलरमध्ये ही कडी चामड्याचीही सापडते. तिच्या पुढे, तोंडाकडच्या बाजूला, छर्ऱ्यांची माळ, जी नराच्या गळ्यातल्या खाचेत बसून त्याला धरून ठेवते. छर्ऱ्यांवर स्लीव्ह, म्हणजे बाहेरची सरकणारी नळी, आणि स्लीव्हवर स्प्रिंग. सगळ्यांत आत कोनासारख्या डोक्याचा छोटा व्हॉल्व्ह, ज्याला पॉपेट म्हणतात, आणि त्याला मागून दाबणारी स्प्रिंग. काही जुन्या कपलरमध्ये पॉपेटऐवजी पोलादी गोळी असते. नर आत गेला की दोन्हीकडचे व्हॉल्व्ह एकमेकांना ढकलतात, दोन्ही उघडतात आणि तेलाला वाट मिळते. नर निघाला की दोन्ही आपापल्या बैठकीवर बसून तोंड बंद करतात.

एवढं डोळ्यांसमोर असेल तर रोग ओळखणं सोपं जातं. जोडलेलं असताना नर आणि मादीच्या सांध्यातून गळत असेल, तर दोष तोंडातल्या ओरिंगचा किंवा नराच्या नाकाचा. नर काढल्यावर मादीच्या तोंडातून थेंब थेंब येत असेल, तर पॉपेटची बैठक, रबर किंवा स्प्रिंग. मागच्या नटाजवळ ओलं असेल, तर बिचाऱ्या कपलरचा काही दोष नाही, तिथला वायसर किंवा आटे बघा. ट्रॉली वर जाते पण खाली येत नाही, तर बहुतेक एखादा पॉपेट परतीच्या प्रवाहात ढकलला जाऊन वाट बंद करतो आहे. आणि नर चालू कामात आपोआप निसटत असेल, तर छर्रे किंवा नराच्या गळ्याची खाच झिजलेली असते.

तेल सगळीकडे पसरलेलं असल्यामुळे उगम कळत नाही. त्यासाठी कपलर जोडूनच डिझेलने बाहेरून धुवा, कोरडा पुसा आणि वरून अंगाला लावायची पावडर भुरभुरा. इंजिन हळू चालवून लिव्हर दोन-तीनदा द्या आणि लांबूनच बघा. पांढऱ्या पावडरवर पहिली काळी रेघ जिथून निघेल, तिथेच रोग.

हात लावण्याआधी

या भागात घाई करू नका. ट्रॉली खाली, नांगर जमिनीवर, ट्रॅक्टरचे मागचे उचलायचे हात खाली. इंजिन बंद, किल्ली खिशात. मग बाहेरच्या हायड्रॉलिकचा लिव्हर दोन्ही दिशांना चार-पाच वेळा पूर्ण हलवा म्हणजे पाइपात अडकलेला दाब निघून जातो. तेल गार होऊ द्या.

या ट्रॅक्टरांची हायड्रॉलिक साधारण १५० ते २०० बारवर चालते. एक बार म्हणजे सुमारे साडेचौदा पीएसआय, तेव्हा हा दाब किती हे लक्षात येईल. बारीक छिद्रातून एवढ्या दाबाने निघालेली तेलाची चिळकांडी कातडी फोडून आत शिरते. वरून टाचणी टोचल्यासारखी खूण दिसते, फार दुखतही नाही, आणि आत तेल मांस जाळत जातं. असं झालं तर हळद लावून घरी थांबू नका. काही तासांच्या आत शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जा आणि "दाबाचं तेल आत गेलंय" हे शब्द डॉक्टरांना सांगा. गळती शोधताना बोट कधीही फिरवू नका, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवा.

ट्रॉली वर अडकली असेल तर कपलर सैल करून तेल सोडण्याचा विचारही मनात आणू नका. नट सुटताच तेल अंगावर येतं आणि हौदा खाली येतो. आधी हौद्याला लोखंडी टेकू आणि त्याखाली लाकडी ठोकळे द्या, माणसं लांब करा, मग इंजिन चालू करून लिव्हर किंचित उचलण्याकडे द्या आणि अगदी हळू सोडण्याकडे आणा. पुढून दाब आला की अडकलेला पॉपेट बहुतेक वेळा बैठकीवरून सुटतो. नाही सुटला तर क्रेन किंवा भक्कम आधार असलेल्या मिस्त्रीला बोलवा.

कपलर काढणं

आधी पूर्ण जागा ब्रशने आणि डिझेलने धुऊन घ्या. जुन्या बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक आणि गिअरबॉक्सचं तेल एकच असतं. म्हणजे कपलरच्या तोंडातून आत गेलेली माती पंपात आणि स्पूलमध्ये, म्हणजे लिव्हरने सरकणाऱ्या व्हॉल्व्हच्या दांड्यात, फिरते, आणि पंपाची दुरुस्ती ओरिंगच्या कैकपट महाग पडते.

दोन कपलर असतील तर एका वेळी एकच खोला. दुसरा तुमचा नमुना म्हणून ठेवा. कोणता भाग कुठे होता, स्प्रिंग किती उंच होती, पॉपेट कोणत्या तोंडाने होता, हे सगळं तो सांगेल. पाइप ओळखायला एकाला एक दोरा बांधा, दुसऱ्याला दोन. उलटे जोडले तर लिव्हर उलटा चालतो, आणि सवयीने दिलेल्या लिव्हरवर नांगर भलतीकडेच पलटतो.

मागचा नट सोडताना दोन पाने लावा, एक नटाला आणि एक कपलरच्या षटकोनाला. एकच पाना लावला तर मागचा पाइप पिळला जातो. पाइप सुटला की त्याचं तोंड स्वच्छ प्लगने बंद करा. कापसाचा बोळा किंवा चिंधी कोंबू नका, तिचे धागे आत जातात. मग ब्रॅकेटच्या सरक्लिपा, म्हणजे खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या, काढून कपलर बाहेर ओढा.

खोलायचा का, हे आधी ठरवा

कपलर पुसून उजेडात धरा. बॉडी दोन भागांत आट्यांवर जोडलेली असेल, तर दोन वेगवेगळे षटकोन किंवा पाना लावायला सपाट जागा दिसते. असा कपलर पूर्ण खोलता येतो. काही कपलर मात्र कारखान्यातच कडा दाबून कायमचे बंद केलेले असतात. त्यांची तोंडातली ओरिंग पुढून बदलता येते, पण आतला पॉपेट गेला असेल तर असा कपलर बदलणंच बरं. तो फोडून, वेल्डिंग करून वापरणारे लोक मी पाहिले आहेत. दोनशे बारच्या दाबापुढे ते वेल्डिंग धरत नाही, आणि धरलं नाही तर तिथे कुणीतरी उभं असतं.

फक्त तोंडातून गळत असेल तर कपलर ट्रॅक्टरवरून न काढताही ओरिंग बदलता येते. पण जुन्या ट्रॅक्टरवर मी एकदा पूर्णच खोलतो. दहा वर्षं बंद असलेल्या कपलरमध्ये काय साठलेलं असतं, ते बघितल्यावर तुम्हीही तेच कराल. तळाशी काळी, साबणासारखी मऊ चिखलाची वडी असते, आणि ती बोटांत चुरली की बारीक लोखंड चमकतं.

खोलण्याची पद्धत

स्वयंपाकघरातली जुनी परात मागून घ्या आणि तिच्यात पांढरं, धागे न सुटणारं फडकं अंथरा. छर्रा पांढऱ्यावर दिसतो आणि उडी मारत नाही. व्हाइसमध्ये धरताना जबड्यांना तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे लावा आणि षटकोनावरच धरा. स्लीव्हवर धरलं तर ती लंबगोल होते आणि मग कायमची अडकते.

पुढची गोल क्लिप काढताना कपलर पारदर्शक पिशवीत धरून काढा. स्लीव्हची स्प्रिंग दाबलेली असते, ती क्लिपसकट उडते. स्लीव्ह सरकली की छर्रे परातीत पडतील. मोजा आणि संख्या लिहून ठेवा. मोबाइलवर फोटो तर प्रत्येक पायरीला घ्या.

आता दोन भाग वेगळे करणं, जे खरं कष्टाचं काम आहे. आट्यांवर बहुतेक लॉकिंगचं, म्हणजे आटे सैल होऊ न देणारं, द्रव्य लावलेलं असतं. आधी पंच मारून दोन्ही भागांवर समोरासमोर एकेक ठिपका करा, परत बसवताना किती कसायचं हे त्यावरून कळेल. साध्या जोराने सुटलं नाही तर आतलं तेल पूर्ण निथळून, पुसून, शेडच्या बाहेर मोकळ्यावर नेऊन आट्यांची जागा हॉट गनने किंवा छोट्या बर्नरने तापवा. कडक प्रकारचं लॉकिंग मऊ व्हायला सुमारे २५० अंश लागतात. लालभडक करायचं नाही, आणि छर्ऱ्यांच्या बाजूला आच जाऊ द्यायची नाही, तिथल्या पोलादाचं पाणी उतरतं. गरम असतानाच एका लांब दांड्याच्या पान्याने एकसारखा जोर द्या. हातोडीच्या ठोक्याने पाना चालवू नका.

भाग सुटले की स्प्रिंग, तिचा मार्गदर्शक आणि पॉपेट बाहेर येतात. काहींमध्ये हे सगळं आतल्या सरक्लिपवर असतं. शेवटी तोंडातली ओरिंग. इथे स्क्रू ड्रायव्हर, सुई, दाभण काहीही घालायचं नाही. खाचेत एक ओरखडा पडला, की त्यातून तेलाला कायमची वाट मिळाली. बांबूची निमुळती काडी किंवा पितळी तारेचा आकडा वापरा.

तपासणी

सगळे भाग डिझेलमध्ये धुवा, मग स्वच्छ रॉकेल किंवा हायड्रॉलिक तेलात विसळा. हवेने फुंकणार असाल तर डोळ्यांवर चष्मा हवा.

पॉपेटचं डोकं भिंगाखाली बघा. बैठकीवर एक अखंड, चमकदार वर्तुळ दिसलं पाहिजे. ते कुठे तुटलं असेल तर तिथूनच थेंब येत होता. धातूवर धातू बसणारा पॉपेट असेल तर बारीक व्हॉल्व्ह पेस्ट लावून दोन बोटांत हलकेच फिरवत घासा, वर्तुळ अखंड झालं की थांबा आणि पेस्टचा कण न् कण धुऊन काढा. रबराचा असेल तर रबर बदला. पॉपेटची दांडी काचेवर लोळवून बघा, वाकडी असेल तर ती डुलते. वाकडा पॉपेट सरळ करायच्या फंदात पडू नका. स्प्रिंग दुसऱ्या कपलरच्या स्प्रिंगशेजारी उभी करा. दोन-तीन मिमी बुटकी असेल तर तिचा जोर गेला.

छर्ऱ्यांवर सपाट चट्टे पडले असतील तर सगळेच बदला. एक-दोन नवे आणि बाकी जुने असं केलं तर सगळा भार नव्यांवर येतो. दुकानात सुटे मिळत नसले तरी गावातल्या सायकलच्या दुकानात १/८, ५/३२, ३/१६ इंचाचे कडक छर्रे मिळतात. व्हर्नियरने माप घेऊन न्या. फक्त झिजलेल्या छर्ऱ्याचं माप थोडं कमी येतं, तेव्हा त्याच्या वरचं जवळचं प्रमाण माप निवडा. बॉडीची भोकं बघायला विसरू नका. ती आतून किंचित निमुळती असतात म्हणून छर्रा आत पडत नाही. नवा छर्रा त्यातून आरपार जात असेल, तर ती बॉडी संपली.

आणि नर. नाकावर नख फिरवा, आधी गोल, मग लांबीने. गोल रेघेपेक्षा लांबीची रेघ घातक, कारण तेल तिच्यातून थेट रिंगखालून बाहेर येतं. कडेची उठलेली धार बारीक कानशीने हलकेच काढून, मग तेलात भिजवलेला ६०० आणि त्यानंतर १००० नंबरचा पॉलिश पेपर गोल फिरवून गुळगुळीत करा. नख अडकण्याइतकी लांब रेघ असेल तर घासत बसू नका, नवा नर आणा. गळ्यातली खाच एका बाजूने ओठासारखी वळली असेल तरीही नवाच आणा. घरातल्या सगळ्या अवजारांचे नर तपासा. ट्रॉलीचा चांगला निघाला आणि नांगराचा खराब राहिला, तर तुमची मेहनत पहिल्या नांगरटीतच वाया जाते.

ओरिंगचं माप

सर्वांत जास्त चुका इथे होतात. दुकानात जुनी रिंग दाखवून "अशीच द्या" म्हणायचं, हा आपला रिवाज. पण जुनी रिंग दबून चपटी झालेली असते. मोजायची ती खाच.

एक उदाहरण घेऊ. समजा नराचं नाक २०.५ मिमी आहे आणि मादीच्या खाचेचा तळाचा व्यास २५.१ मिमी. फरक ४.६, म्हणजे एका बाजूला जागा २.३ मिमी. रिंग या जागेपेक्षा जाड हवी, इतकी की बसल्यावर ती स्वतःच्या जाडीच्या १० ते २० टक्के दबेल. २.६२ मिमी जाडीची रिंग इथे सुमारे १२ टक्के दबते. हे बरोबर आहे. २.५ ची घेतली तर दाब ८ टक्क्यांवर येतो, आज चालेल आणि थोडी झिजली की गळेल. ३ ची घेतली तर २३ टक्के, नर बसवताना घाम निघतो आणि रिंग कापली जाते. आता गंमत बघा, चपटी झालेली जुनी रिंग व्हर्नियरमध्ये कदाचित २.३ भरेल, आणि दुकानदार प्रामाणिकपणे तुम्हाला तेवढीच देईल. बाजारात इंची मापाच्या रिंगा १.७८, २.६२, ३.५३ मिमी जाडीच्या असतात, मिलिमीटरच्या २, २.५, ३ अशा. तुमच्या खाचेचं गणित करा आणि जाडी व आतला व्यास दोन्ही लिहून दुकानात जा.

रबर नायट्राइल हवं. कडकपणा (शोर ए मापाने) बॅकअप रिंग असेल तर ७० चालतो, नसेल तर ९० घ्या. ठिबकच्या फिल्टरची काळी रिंग दिसायला हुबेहूब असते आणि घरात पडलेलीही असते, पण ती बऱ्याचदा ईपीडीएमची असते आणि ते रबर खनिज तेलात फुगून भजं होतं. शंका असेल तर रिंगची जाडी मोजा, रात्रभर हायड्रॉलिक तेलात बुडवून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. फुगली असेल तर ती कपलरची नव्हे. एका वेळी चार-पाच रिंगा आणा, चहाच्या पैशात येतात.

जोडणी

हात साबणाने धुऊन बसा. प्रत्येक भागाला स्वच्छ हायड्रॉलिक तेलाचा हात द्या. ग्रीस नको, ते तोंडाशी धूळ धरून ठेवतं.

तोंडाच्या खाचेत बॅकअप रिंग बाहेरच्या बाजूला म्हणजे तोंडाकडे, आणि ओरिंग आतल्या बाजूला म्हणजे तेलाकडे. कारण तेल रिंगला आतून बाहेर ढकलतं आणि बॅकअपचं काम तिला फटीत घुसू न देणं हे आहे. उलट बसवली तर ती असून नसल्यासारखी. टेफ्लॉनची रिंग कडक असते, ती पाच मिनिटं कढत पाण्यात टाका, बदामाच्या आकारात हलकी दुमडा, खाचेत सोडा आणि बोटाने गोल बसवा. ओरिंगही तशीच दुमडून आत सोडायची. ती कुठे पीळ घेत नाही ना, हे बॅटरीच्या उजेडात पूर्ण फेरी मारून बघा. मग तेल लावलेला चांगला नर हळूच आत घालून दहा मिनिटं तसाच ठेवा, रिंगा आपला आकार धरतात.

पॉपेट, मार्गदर्शक, स्प्रिंग फोटोप्रमाणे बसवा. बॉडीच्या सांध्यावर ओरिंग असेल तर तीही नवी. आटे कोरडे स्वच्छ करून मध्यम ताकदीचं लॉकिंग दोन थेंब लावा, आतल्या बाजूला वाहू देऊ नका. पंचाचे ठिपके समोरासमोर येईपर्यंत कसा. लॉकिंग पूर्ण पक्कं व्हायला २४ तास द्यावे लागतात, तेव्हा हे काम नांगरटीच्या आदल्या संध्याकाळी काढू नका.

छर्रे बसवताना तिसरा हात हवा असं वाटतं. सोपा उपाय, नर तोंडातून आत घालून ठेवा, छर्रे भोकांत टाकले की ते नराच्या खाचेवर टेकतात. प्रत्येकाला व्हॅसलीनचा बारीक ठिपका द्या म्हणजे निसटत नाहीत. मग स्लीव्ह, स्प्रिंग आणि क्लिप. क्लिप खाचेत पूर्ण बसली का, हे काडीने सगळीकडून टोचून बघा.

ट्रॅक्टरवर नेण्याआधी कपलर तोंड खाली करून धरा आणि मागून तेल भरा. दहा मिनिटांत तोंडाशी थेंब जमता कामा नये. नर दहा वेळा जोडा, काढा आणि जोडलेला असताना जोराने ओढून बघा.

परत बसवणं आणि चाचणी

मागचे आटे नीट ओळखा. बीएसपी आणि एनपीटी हे इंची आट्यांचे दोन प्रकार आहेत. अर्ध्या इंची बीएसपीचा बाहेरचा व्यास सुमारे २०.९ मिमी, त्याच मापाच्या एनपीटीचा २१.३ आणि मेट्रिक २२ चा अर्थातच २२. बीएसपी आणि एनपीटी दोन्हीला इंचात चौदा आटे असतात, म्हणून दोन-तीन फेरे एकमेकांत जातात आणि फसवतात. आट्यांचा कोन वेगळा असतो, एकाचा ५५ अंश आणि दुसऱ्याचा ६०. सरळ आट्यांवर टेफ्लॉन टेप लावायची नसते, तिथे वायसर सील करतो. टेपचा तुकडा सुटला तर तो सरळ पॉपेटखाली जाऊन बसतो. तांब्याचा वायसर नवा घ्या. नसेल तर जुना लाल होईपर्यंत तापवून गार करा, तांबं पुन्हा मऊ होतं.

ब्रॅकेटमध्ये स्लीव्ह पक्की धरलेली हवी, पण बॉडी मागे-पुढे सरकायला मोकळी. पुश-पुलचं सगळं तंत्र या सरकण्यावर आहे. कुणी मागचा लवचीक होज काढून तिथे कडक लोखंडी पाइप बसवला असेल, तर कपलर कितीही चांगला असला तरी नर एका हाताने बसणार नाही, आणि मग लोक हातोडी काढतात.

इंजिन सुरू करून हळू चालीवर ठेवा. रिकाम्या ट्रॉलीचा हौदा किंवा नांगर दहा वेळा वर-खाली करा, हवा निघून जाईल. मग लिव्हर टोकाला नेऊन फक्त दोन-तीन सेकंद धरा, जास्त धरलं तर रिलीफवरून, म्हणजे जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हवरून, फिरून तेल तापतं. पुठ्ठा कपलरजवळून फिरवा. कोरडा निघाला तर इंजिन बंद करा, सिलिंडर पूर्ण मिटलेले असताना तेलाची पातळी बघा आणि लागेल तेवढं भरा.

रोजची सवय

नर जोडण्याआधी दोन्ही तोंडं स्वच्छ फडक्याने पुसा. टोपण हरवलं असेल तर नवं आणा, किंवा किमान जाड प्लास्टिक रबरबँडने बांधा. भाड्याची ट्रॉली जोडाल तर तिच्या सिलिंडरमधलं तेल तुमच्या गिअरबॉक्सात येणार आहे हे ध्यानात ठेवा, आणि नर पुसताना त्या तेलाचा रंग बघून घ्या.

उन्हात उभ्या ट्रॉलीचा नर दुपारी बसत नाही, कारण होजमधलं तेल तापून फुगतं आणि पॉपेटला आतून दाबून धरतं. माझ्या नराला धार आली ती अशाच एका दुपारच्या हातोडीने. गोणपाट ओला करून होजवर टाका आणि अर्धा तास थांबा. ट्रॉली सोडतानाच हौदा पूर्ण खाली ठेवून, इंजिन बंद करून, लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब काढला तर ही वेळच येत नाही.

माझ्या पेटीच्या झाकणावर आतून ऑइलपेंटने लिहिलं आहे, नराचं माप, खाचेचं माप, रिंगची जाडी, छर्ऱ्यांची संख्या आणि इंची माप. चिरंजीव आता स्वतः दुकानात जाऊन बिनचूक रिंग आणतो. कपलर बसवल्यावर आठ दिवसांनी पुन्हा एकदा पावडर भुरभुरून बघा, आणि मागचा नट दोन पाने लावून तपासा, नवा वायसर बसला की तो थोडा सैल पडतो.